भत्त्यात बसणारं जेवण: मुंबई, पुणं, नागपूर, कोल्हापूर, नाशिक आणि पणजी

मी ऑडिटचं काम करते, म्हणजे वर्षातले बरेचसे महिने कुठल्या ना कुठल्या गावात कुणाच्या तरी ब्रँचमध्ये बसून व्हाउचर तपासायची आणि जेवायचं बाहेर. फर्म रोजचा जेवणाचा भत्ता देते तो ठरलेला, मुंबईला जा नाहीतर नांदेडला जा, आकडा तोच, वर गेलं की आपल्या खिशातून. त्यामुळे कुठल्या शहरात काय मिळतं ही तुलना मी हौस म्हणून नाही, हिशोब म्हणून करते. नेटवर ‘या शहरात गेलात तर हे दहा पदार्थ खाच’ टाइपच्या याद्या ढिगाने आहेत पण त्यांचा मला काडीचा उपयोग होत नाही, कारण त्या चार जणांनी संध्याकाळी टाइमपास करत फिरायच्या याद्या असतात. मला कळायला हवं असतं ते एवढंच की दुपारी एक-दीडला, एकटी बाई, खांद्याला लॅपटॉपची बॅग, दीडशे ते फार तर दोनशे रुपयांत, खुर्चीवर बसून पंख्याखाली पोटभर जेवू शकते का, आणि तेही ‘एकट्याच का मॅडम?’ हे न ऐकता.

ही कसोटी लावली की निकाल भलताच लागतो. सगळ्यात महाग म्हणून बदनाम असलेली मुंबई पहिली येते आणि माझं माहेर असलेलं पुणं सपशेल आपटतं. पुणेकरांनी आत्ताच चिडून घ्यावं, मग पुढचं वाचावं.

मुंबईत घर महाग, शाळा महाग, पार्किंग तर विचारूच नका, पण राइस प्लेट अजून माणसांत आहे. स्टेशनच्या बाहेर कुठल्याही बाजूला पाच मिनिटं चाला, एक तरी उडपी सापडतोच, आणि बसल्या बसल्या न मागता पाण्याचा ग्लास आदळला जातो. हे पाणी मी खास बघते. हल्ली नवीन हॉटेलात ‘रेग्युलर का मिनरल?’ विचारतात आणि असं विचारतात की रेग्युलर म्हणायला लाज वाटावी. उडप्याकडे हा प्रश्नच नाही. दुसरं म्हणजे टेबल शेअर करणं. समोर अनोळखी माणूस सांबारात वडा कुस्करतोय, शेजारी कोणी फोनवर मार्केटचे भाव ऐकतोय, मध्ये तुम्ही, आणि कोणाचं कोणाकडे लक्ष नाही. पुण्यात याला गैरसोय म्हणतील, मला विचाराल तर एकट्या बाईसाठी यापेक्षा सेफ जागा नाही.

नाव घेऊन सांगायचं तर माटुंगा. सेंट्रलच्या माटुंगा स्टेशनला पूर्वेला उतरलं की भाजी मार्केटच्या इमारतीत वरच्या मजल्यावर ए. रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२ पासूनचं. लिमिटेड ताट वेगळं आणि केळीच्या पानावरचं अनलिमिटेड वेगळं, पैसे त्याप्रमाणे. पान समोर आलं की त्याच्यावर पाण्याचा हबका मारायचा, मग वाढपी बादल्या घेऊन फिरायला लागतात, दोन भाज्या, सांबार, रसम, पापड, दही, भाताचा ढीग, आणि तुम्ही हात आडवा केल्याशिवाय कोणी थांबत नाही. रसम मी भातावर अर्धं घेते आणि अर्धं वाटीत घेऊन पिते, ते आंबट-तिखट पाणी घशाखाली उतरलं की सकाळपासूनच्या बॅलन्सशीटचा ताण तिथेच संपतो. रांग असते, पण गंमत अशी की रांगेत ग्रुपवाले जास्त थांबतात, एकट्याला लवकर आत घेतात कारण कुठल्या ना कुठल्या टेबलावर एक खुर्ची मोकळी असतेच. एकटं असण्याचा फायदा होतो असं हॉटेल मी दुसरीकडे फारसं पाहिलेलं नाही.

त्याच भागात १९३९ चं राम आश्रय आणि १९४० चं कॅफे मद्रास आहे, दोन्ही चांगली, पण ती सकाळच्या इडली-डोशाची आणि शनिवार-रविवारी तर रस्त्यावर लग्नाची वरात असावी तेवढी गर्दी, तेव्हा मधल्या वारी जा. फोर्टात काम असेल तर सीएसएमटी समोरच्या गल्लीत पंचम पुरीवाला, पुरी-भाजी खा आणि कामाला लागा, एसी-बिसी अपेक्षा करू नका. धोबीतलावला कयानी, १९०४ चं, तिथे खिमा-पाव किंवा नुसतं आम्लेट, ब्रुन मस्का आणि चहा यात दुपार निघते. बेलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया मात्र या लेखात नाही. बेरी पुलाव मस्तच, पण तो भत्त्याचा नाही, पगाराच्या दिवसाचा.

दादरला मराठी खाणं हवं तर प्रकाश आणि आस्वाद. आस्वादच्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनला बक्षीस मिळालं तेव्हापासून बाहेरगावचे लोक तिथे मिसळ खायला येतात. माझं मत विचाराल तर तिथे मिसळ सोडून थालीपीठ खावं. आणि प्रकाशचा साबुदाणा वडा आणि वर पियुष हे जेवण होत नाही हे मला मान्य आहे, पण उपासाच्या दिवशी बाहेर असलेल्या माणसाला याहून मोठा आधार नाही.

हे सगळं मुंबईतच का टिकलं याचं कारण मला तरी दोन गोष्टींत दिसतं. एक, हे शहर मुळात बाहेरून आलेल्या एकट्या माणसांनी भरलेलं होतं. गिरणीतले कामगार गावाकडे बायकापोरं ठेवून खोलीत दहा-दहा जण राहायचे आणि खाणावळवाल्या बायका महिन्याच्या हिशोबाने त्यांना जेवू घालायच्या, त्याच बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. एकट्या माणसाने पोटभर आणि झटपट जेवणं ही इथली जुनी गरज आहे, त्यात काही दया-बिया नाही. दुसरं कारण अगदी ऑडिटवालीचं. बरीचशी जुनी इराणी आणि उडपी हॉटेलं पागडीच्या जागेत आहेत, भाडं जुन्या काळातलं, त्यामुळे इडलीच्या दरात जागेचं भाडं धरावं लागत नाही. याचाच दुसरा अर्थ असा की इमारत रिडेव्हलपमेंटला गेली की इडलीही गेली. नवीन इमारतीत खाली जे हॉटेल येतं ते मेन्यू इंग्रजीत छापतं आणि इडलीला तिप्पट लावतं. म्हणून बीकेसी, लोअर परळ, अंधेरी ईस्टचे नवे पट्टे यांना वरची सगळी तारीफ लागू नाही. तिथे एक तर फूड कोर्ट नाहीतर खाली फुटपाथवर उभ्याने डोसा. मासळीची थाळीसुद्धा दादर-गिरगावात आता पूर्वीच्या भावात नाही, सुरमई म्हटलं की दोनदा विचार करायचा, बांगडा म्हणायचं आणि गप्प बसायचं.

आता पुणं. माहेर आहे म्हणून सूट देणार नाही.

पुण्यात स्वस्त जेवण नाही असं नाही, आहे, पण ते तुमच्यासाठी नाही. ते मेसच्या पोरांसाठी आहे. सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांत एमपीएससी-यूपीएससीची हजारो पोरं राहतात, त्यांच्यासाठी घरगुती मेस आहेत, महिन्याचं कार्ड, तीन पोळ्या, भाजी, वरण-भात, रविवारी फीस्ट आणि संध्याकाळी सुट्टी. ते जेवण चांगलं असतं आणि खरंच परवडतं. पण एका दिवसासाठी गेलात तर मावशी आधी चेहऱ्याकडे बघणार, मग ‘गेस्ट का?’ म्हणणार, मग गेस्टचा रेट सांगणार, आणि बाराच्या पोरांच्या गर्दीत तुम्ही ऑफिसचे कपडे घालून उभे. मिळतं जेवण, नाही असं नाही, पण आपण कोणाच्या तरी घरात आगंतुक घुसलोय असं वाटत राहतं.

मेस सोडली की मग एकदम वरची पायरी. श्रेयस, सुकांता, दुर्वांकुर या थाळ्या चांगल्याच आहेत, पाहुणे आले की आम्ही तिकडेच नेतो, पण त्या भत्त्याच्या पार पलीकडे गेल्यात आणि अनलिमिटेड थाळी दुपारी एकटीने चापून खाल्ली तर तीन वाजता लेजरवर डोकं टेकतं. टिळक रोडचं बादशाही हे एक मला अजून योग्य वाटतं, ताट साधं, पोळ्या गरम, कारभार चोख, आणि तिथला वाढपी तुमच्याशी गोड बोलायचा कुठलाही प्रयत्न करत नाही हे मी प्लस पॉइंटमध्ये धरते. लक्ष्मी रोडवर सरपोतदारांचं पूना गेस्ट हाऊस आहे, तिथेही एकटं बसून जेवता येतं. डेक्कनला १९३५ चं गुडलक आहे, बन मस्का, अंडा भुर्जी आणि चहा, दुपारी तीननंतर जागा मिळते. वैशाली मला आवडते, एसपीडीपी (शेव-बटाटा-दही-पुरी) तर मी डोळे मिटून खाते, पण रविवारी सकाळी तिथे नाव लिहून थांबणं हा पुण्यातला एक स्वतंत्र सण आहे आणि एकट्या माणसाने तो साजरा करायला जाऊ नये, मागून चार जण तुमच्या प्लेटकडे बघत उभे असतात.

मिसळ म्हणाल तर नारायण पेठेतली बेडेकर, तुळशीबागेतलं श्रीकृष्ण भुवन, एरंडवण्यातली काटाकिर्र, तिघांची तीन टोकं. बेडेकरची जरा गोडसर, म्हणून बाहेरचे नाकं मुरडतात, मुरडू देत. पण मिसळ हे दुपारचं जेवण नाही, निदान पुण्यात नाही.

आणि पेठा सोडून बाणेर, बालेवाडी, हिंजवडीकडे गेलात की मग खेळ खल्लास. टपरीवरचा वडापाव आणि ‘ब्रूवरी’ यांच्या मधलं काही नाहीच. तिकडच्या एका हॉटेलात, नाव नको, मी एक खिचडी आणि ताक घेतलं. बिल आलं तर खाली बारीक अक्षरात दहा टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्याच्यावर परत पाच टक्के जीएसटी. मी म्हटलं हे काढा. तर मॅनेजर म्हणतो मॅडम सिस्टीममधून ऑटोमॅटिक येतं. बिलं फाडून खाणाऱ्या बाईला तो सिस्टीम सांगत होता! जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितलंय की हॉटेलने सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते कायम ठेवलं. एवढं शांतपणे सांगितलं, मोबाईलवर दाखवलं, मग सिस्टीममधून ऑटोमॅटिक गेलं पण. तुम्हीही मागा, लाजू नका.

नागपूरचं गणित वेगळं, तिथे सगळी मजा सकाळी दहाच्या आत. तर्री पोहे. कस्तुरचंद पार्कच्या बाजूला केपीचे, आणि तसे तर चौकाचौकात. पोह्यांचा डोंगर, त्यावर काळ्या हरभऱ्याची लालभडक तर्री, वरून कांदा आणि शेव, आणि पोहे जरा कोरडे दिसले की ‘भाऊ, तर्री टाकू का अजून?’ हे विचारायला तो स्वतः पळी घेऊन येतो, वेगळे पैसे नाहीत. पुण्यात एक्स्ट्रा रस्सा मागितला की बिलात ओळ वाढते, हा फरक लक्षात घ्या. पोटाला एवढा टिकाऊ नाश्ता इतक्या कमी पैशात दुसऱ्या कुठल्याच शहरात मिळत नाही असं माझं स्पष्ट मत आहे, प्लेटभर पोहे आणि वर एक कढी-सांबारवडी झाली की दुपारच्या जेवणाची सक्ती राहत नाही. (तिकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, इडलीवालं सांबार समजून ऑर्डर देऊ नका.)

दुपारी आणि रात्री सावजी. हलबा-कोष्टी विणकर समाजाचं हे खाणं, काळा मसाला, खसखस, दगडफूल, आणि जुन्या पद्धतीत जवसाचं तेल. मटण-चिकन तर आहेच, पण शाकाहारी माणसाने पाटोडी रस्सा आणि डाळकांदा यांना कमी लेखू नये, डाळकांदा आणि दोन पोळ्या ही नागपूरची बजेट थाळी आहे. तिखट किती तर पहिल्या घासाला काही वाटत नाही, चौथ्याला कान गरम होतात. अडचण वेगळीच. छोट्या सावजी भोजनालयांत संध्याकाळी पुरुषांचीच गर्दी असते, टेबलाखाली बाटली असते, आणि एकटी बाई आत शिरली की सगळं भोजनालय एक सेकंद थांबतं. कोणी काही बोलत नाही, उलट मालक लगबगीने कोपऱ्यातलं टेबल पुसून देतो, पण ते जे एक सेकंद थांबणं आहे ना, ते मला रोज नको असतं. मी दुपारीच जाते, किंवा पार्सल. संध्याकाळी मग हल्दीराम, तिथे निम्मं नागपूर असतं, स्वच्छ असतं, आणि कूपन घेऊन एकटं बसायला काही वाटत नाही.

कोल्हापूर. इथे मी तटस्थ राहू शकत नाही हे आधीच सांगते.

सकाळी मिसळ, फडतरे, बावडा, चोरगे, खासबाग, ज्याला जी जवळ ती. पाव नाही, जाड स्लाइस ब्रेड, आणि कट, म्हणजे तिखट रस्सा, वेगळा. त्या ब्रेडबद्दल बाहेरचे तक्रार करतात, पण तो कट शोषून घ्यायला पावापेक्षा स्लाइसच बरा, एकदा खाऊन बघा. कट संपला की ‘वाढू का ताई अजून?’ आणि हो म्हणायच्या आत वाढलेला. संध्याकाळी खासबाग मैदानापाशी राजाभाऊची भेळ, आणि रात्री गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस उभी असते, तुमच्यासमोर धार काढून ग्लास हातात देतात, फेसासकट, कोमट. पहिल्यांदा मी दचकलेच होते.

पण खरं जेवण म्हणजे मटणाचं ताट, तांबडा-पांढरा रस्सा अनलिमिटेड. पद्मा, ओपल, परख, देहाती, आणि यांच्याशिवाय गल्लीबोळातल्या खाणावळी ज्यांची नावं कोल्हापूरकर सांगतच नाहीत. पांढरा रस्सा मी आधी पिऊन घेते, दोन वाट्या, तो काजू-खसखस-नारळाच्या दुधाचा गरम रस्सा नुसता प्यायचाच असतो, भातावर घालून त्याचं वाटोळं करू नये. पैशाचं म्हणाल तर मटणाचं ताट भत्त्यात बसत नाही, मटणाचा दरच तसा आहे. या गावाने २०१९ च्या शेवटाला मटणाचा दर वाढला म्हणून कृती समित्या काढून आंदोलन केलं होतं, विनोद नाही, खरंच, त्यामुळे इथे महागाईचा विषय निघाला की लोक आधी मटणाचा भाव सांगतात. मग भत्त्यात काय? अख्खा मसूर आणि रोटी. इस्लामपूर-सांगली-कोल्हापूर पट्ट्यातला हा ढाब्याचा पदार्थ, एक प्लेट मसूर दोघांना पुरतो, एकटीला तर उरतो, आणि ती झणझणीत मसूर, हाताने फोडलेला कांदा आणि ताक घेतलं की मटणवाल्यांचा हेवा वाटत नाही. थोडा वाटतो, पण चालतं.

एकट्या बाईच्या कसोटीवर कोल्हापूर मुंबईच्या खालोखाल. इथे वेगळ्या तऱ्हेने. मुंबईत कोणी लक्ष देत नाही म्हणून बरं वाटतं, इथे सगळे लक्ष देतात आणि तरी बरं वाटतं. ‘बसा की ताई, गरम भाकरी येतीया’ म्हणत फॅमिली साइडला बसवतात आणि ताटात कमी घेतलं तर घरच्यासारखं रागवतात.

नाशिकबद्दल थोडक्यात लिहिते कारण मला जरा राग आहे. जुन्या गावातली मिसळ, म्हणजे भगवंतराव वगैरे, किंवा पंचवटीतली अंबिकाची काळ्या रश्शाची, ही उत्तम आणि परवडणारी. मेनरोडचा सायंतारा साबुदाणा वडा, त्यालाही तोड नाही. पण गेल्या काही वर्षांत नाशिकची मिसळ गावाबाहेर शेतात गेली. चुलीवरची, पापड, दही, जिलबी, बाजूला झोके, बैलगाडी, फोटोला जागा. साधना मिसळवाल्यांनी हे चांगलं करून दाखवलं, त्यांचं मी खाते, पण त्यांच्या मागोमाग जी लाट आली त्यातल्या एका ठिकाणी मी पंचेचाळीस मिनिटं टोकन धरून उभी होते, आजूबाजूला सगळी सहा-आठ जणांची कुटुंबं, आणि टोकनवाला मला दर वेळी सांगत होता की मॅडम मोठं टेबल आधी लावू द्या. मिसळ आली ती कोमट, आणि रिक्षाचे जाऊन-येऊन पैसे मिसळीच्या दुप्पट. मिसळ हे मुळात कामावर जाता जाता खायचं खाणं, त्याची सहल कशाला करायची? रविवारी फॅमिलीबरोबर जरूर जा, मंगळवारी कामाच्या दिवशी गावातच खा.

छत्रपती संभाजीनगरला नान-खलिया, सोलापूरला कडक भाकरी आणि शेंगाचटणी, दोन्हीवर स्वतंत्र लिहावं लागेल, दोन्ही शहरं भत्त्याला दयाळू आहेत. महाराष्ट्राबाहेर इंदूरला कामानिमित्त जाते, तिथलं मराठी माणसाला परकं वाटत नाही, पोहे वाफवलेले, वर शेव आणि जिरावन मसाला, सोबत जिलेबी. सराफ्यात रात्री सोनारांची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांवर खाण्याचा बाजार भरतो, गराडू, भुट्ट्याचा कीस, दहीवडा, आणि एकटी बाई रात्री अकराला बिनधास्त फिरते. फक्त ते सगळं चटपट आहे, उभ्याने. दुपारच्या साध्या वरणभातासाठी मला तिथे शोधाशोधच करावी लागते.

पणजी म्हटलं की लोकांना वाटतं महाग, कारण लोक समुद्राकाठच्या शॅकमध्ये खातात. गावातली माणसं जिथे खातात तिथे जा. सकाळी कॅफे भोसले किंवा १९१३ चं कॅफे तातो, पातळ भाजी, सुकी भाजी, नाहीतर दोन्ही मिक्स, सोबत पाव किंवा बन, एक मिरची भजी आणि चहा, आणि बिल बघून परत एक भजी मागवावी इतकं कमी. टेबलं शेअर, माणसं पेपर वाचत बसलेली, घाई कोणालाच नाही. दुपारी शीत-कडीची, म्हणजे भात आणि माशाच्या कालवणाची थाळी. आनंदाश्रमासारख्या जुन्या जागी भात, हुमण (माशाची आमटी), किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), तिसऱ्यांचं सुकं, सोलकढी आणि तळलेला एक तुकडा, तुकडा कुठल्या माशाचा यावर दर. दर आधी विचारायचा, फळ्यावर रोजचा लिहिलेला असतो किंवा नसतो. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत ‘फ्रेश’ किंगफिश खाऊन आलो म्हणून सांगू नका. गोव्यात ‘बार अँड रेस्टॉरंट’ पाटी बघून आपल्याकडच्या बायका मागे फिरतात, फिरू नका. तिथे शेजारच्या टेबलावर बिअर आणि तुमच्या टेबलावर थाळी यात कोणाला काही वाटत नाही, नागपूरला जो एक सेकंद थांबतो तो इथे थांबत नाही.

आता बिलांचं, कारण ते लिहिलं नाही तर माझे ऑफिसवाले हसतील. सगळ्यात चांगलं आणि स्वस्त जेवण जिथे मिळतं तिथे पक्कं बिल मिळत नाही. मेसवाल्या मावशी वहीच्या पानावर ‘जेवण १२०’ लिहून देतात आणि अकाउंट्सवाला म्हणतो जीएसटी नंबर कुठाय. अरे बाबा, लहान हॉटेल रजिस्टरच नसतं, आणि कंपोझिशन स्कीममधलं, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेतलं हॉटेल गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेऊच शकत नाही, उलट कंपोझिशनमध्ये असून कोणी बिलात पाच टक्के लावत असेल तर तोच चुकतोय. तरी कंपन्या जीएसटी बिलाचा आग्रह धरतात आणि त्यापायी फिरतीवरची सगळी माणसं एसी हॉटेलात ढकलली जातात, कंपनीचा खर्च वाढतो आणि खाणावळवालीचं गिऱ्हाईक जातं. आमच्या फर्ममध्ये भांडून मी दिवसाच्या भत्त्याला बिलाची अट काढून घेतली, तुमच्याकडे जमत असेल तर बघा.

आणि मागवून खाण्याबद्दल. फिरतीवर रात्री थकून लॉजवर मोबाईलवरून मागवायचा मोह मलाही होतो. पण त्याच हॉटेलच्या मेन्यूकार्डचा दर आणि ॲपवरचा दर शेजारी ठेवून बघा, वर पॅकिंग, वर डिलिव्हरी, वर प्लॅटफॉर्म फी. नागपूरला डाळकांदा चार गल्ल्या पलीकडे चालत जाऊन खाल्ला तर जेवढ्यात होतो त्यात ॲपवर नुसती पोळी येते, आणि तीही डब्यात वाफ धरून ओली झालेली.

माझा पुढचा मुक्काम लातूरला आहे. तिकडची एकट्याने बसता येईल अशी साधी खाणावळ कोणाला माहीत असेल तर सांगा, ढाबे नकोत, ते गावाबाहेर असतात. आणि हे वाचून माटुंग्याला जाणार असाल तर सोमवारी जाऊ नका, नायकांचं बंद असतं.